काम सोपवताना

मिठाच्या डब्यावरची पट्टी एका कोपऱ्यात सुटली होती आणि ज्ञानेश ती अंगठ्याने दाबून धरून उभा होता... ‘जाडं मीठ. आमटीत चालेल, कणकेत नको’... बायकोच्या, मोनाच्या अक्षरात, पण शिस्त सगळी त्याची. चहा उतू गेला तेव्हा त्याला कळलं, आपण वाचत नाही आहोत, नुसतं धरून उभे आहोत.

आज पंधरावा दिवस.

बारामतीच्या कंपनीत त्याचं कामच ते होतं. सॉफ्टवेअर करणाऱ्या एका टीमला जमलेली रीत लिहून काढायची — अडचण कोणती, तेव्हा काय करावं, काय टाळावं — म्हणजे दुसऱ्या टीमला पुन्हा डोकं फोडायला नको. पॅटर्न म्हणत त्याला. असे एकेचाळीस पॅटर्न त्याने लिहिले होते, आणि सगळ्यात जास्त चाललेला ‘काम सोपवणं’: निघणाऱ्याने आठ दिवस आधी यादी करावी, प्रत्येक काम मागे राहणाऱ्याच्या हातून एकदा करून घ्यावं, आणि गेल्यावर पंधरा दिवस फोनवर शंकांना उत्तरं द्यावीत. त्यानंतर बंधन नाही.

मोनाने तसंच केलं. आईच्या बीपीची गोळी कोणती, डाळिंबाच्या ठिबकचा व्हॉल्व्ह कधी फिरवायचा, गॅस कुणाच्या नावावर... आठ दिवस ती शिकवत होती आणि हा शहाणा — मीच तो — खूश होता. बायकोला आपलं काम कळलं म्हणून. वर मी यादी तपासूनही दिली, नळाचं आणि मोटारीचं वेगळं कर म्हटलं, वाचायला सोपं जाईल. तिने केलं वेगळं. नवव्या दिवशी अंथुर्ण्याहून वरकुट्याला, माहेरी, निघून गेली.

“आठ दिवस सांगत व्हती की ती,” आई उतू गेलेला चहा पुसत म्हणाली. “तू मास्तरागत नुसता माना हलवत व्हतास.”

ऑफिसात श्रेयाचा शेवटचा दिवस होता. चार वर्षं त्याच्या टीममध्ये काढून ती आता पुण्याला चालली होती. दोघं समोरासमोर बसून यादीवर खुणा करत गेले. शेवटची खूण झाल्यावर ती म्हणाली, “सर, मी का चाललेय ते यात कुठंच न्हाय.”

“तो रकाना मी काढून टाकला. कारणांत शिरलं की वाद होतात, काम राहतं बाजूला.”

“व्हय,” ती म्हणाली. “पण इचारलं असतं तर मी सांगितलं असतं.”

ती गेल्यावर तो तिथेच बसून राहिला. कंपनीतला रकाना तीन वर्षांपूर्वी काढला... आणि घरातला? दिवाळीनंतर एकदा भाकरी थापताना मोना म्हणाली होती, “मला काय वाटतंय म्हाइतीय का तुमाला...” आणि लॅपटॉपवरून मान न उचलता तो म्हणाला होता, मुद्द्याचं सांग. मग तिने पुढची भाकरी थापायला घेतली. भाकरी मऊ होती एवढं मला आठवतं. तिला काय वाटत होतं ते आठवत नाही, कारण ते मी ऐकलंच नाही, आणि आता रडू येतंय त्याचा काय उपयोग.

चौदा दिवस तो रोज फोन करत होता. हळद कुठं, पासबुक कुठं... डोळ्यासमोरच्या वस्तू विचारत होता, फक्त तिचा आवाज यावा म्हणून. ती प्रत्येक वेळी शांतपणे, नेमकं सांगत होती. ठरल्याप्रमाणे.

पाच वाजता गेटबाहेर मोटरसायकलला टेकून त्याने फोन लावला.

“बोला. काय सापडंना?”

“सगळं सापडलं,” तो म्हणाला. “मोना, तू का गेलीस?”

तिकडे कडबाकुट्टीचं मशीन चालू होतं. ती म्हणाली, “थांबा, जरा बाजूला येते.”

मशीनचा आवाज लांब लांब जात राहिला. तिची चप्पल ऐकू येत होती. ती जे सांगेल त्यावर आपल्याकडे काही उपाय नसेल, आणि ते ऐकूनही ती परत यायची नाही कदाचित — हे त्याला आता स्वच्छ कळत होतं. पळून जावंसं वाटत होतं. तरी तो फोन कानाला धरून थांबला, मध्ये काही बोलायचं नाही असं स्वतःला बजावत, आणि पहिल्यांदाच त्याला तिची मनापासून भीती वाटली.