एकच घड्याळ

ट्रकची पुढची चाकं चुन्याच्या पहिल्या रेघेवरून गेली आणि सहदेव हवालदारांनी हातातला रुमाल खाली केला. दोनशे पावलं पुढे, झाडाआड उभ्या असलेल्या त्यांच्या जोडीदाराने स्टॉपवॉच सुरू केलं. दुसरी रेघ ओलांडायला किती सेकंद लागतात, त्यावरून वेग काढायचा. पण ट्रक अगदी गरीब गाईसारखा गेला. जाणारच. समोरून येणारे ड्रायव्हर भर सकाळी दिवे उघडझाप करून सांगत होते, पुढे मामा उभा आहे. एरवी एकमेकांच्या आईबहिणीचा उद्धार करणारी ही जमात, पण या एका बाबतीत सख्खे भाऊ.

जयाने लेकीचा, राधाचा हात धरून हायवे ओलांडला आणि तिला जोगेश्वरीच्या शाळेच्या रस्त्याला लावलं.

हा पहारा तिनेच आणला होता. गेल्या वर्षी याच जागी रतन, तिचा नवरा, सायकलसकट टेम्पोखाली गेला. त्यानंतर तिने अकरा वेळा चौकीच्या पायऱ्या झिजवल्या. अर्ज स्वतः लिहिला, खाली पहिली सही स्वतःची केली, मग वस्तीचे अंगठे घेतले. आता आठ महिने झाले, इथे कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. वस्तीत तिला मान होता.

दुपारी दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. पुढच्या खाणीजवळच्या वस्तीतली, नाव सोनूबाई म्हणाली. जयाने तिला ओट्यावर बसवून पाणी दिलं. तिने तांब्या खाली ठेवला, प्यायली नाही.

"तुमच्याकडं पोलिसाला बघून गाड्या हळू जातात," सोनूबाई म्हणाली. "इथनं सुटल्या की वाया गेलेला टाइम आमच्याकडं भरून काढतात. आधी आमच्याकडं असं नव्हतं. चार महिन्यांत तिघं गेली. तिसरी माझी नात."

तिने पोलक्यातून एक कागद काढून जयापुढे धरला.

"घड्याळ एकच आहे म्हणतात चौकीत. तुमच्या वस्तीनं लिहून दिलं, तर आठवड्याचे तीन दिवस आमच्याकडं उभे राहतील. पहिल्या अर्जवालीची सही पायजे."

कागद जयाने हातात घेतला. 'आमची लेकरे रोज जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात.' वाक्य तिचंच होतं. पुढचंही तिचंच. फक्त वस्तीचं नाव बदललं होतं.

शाळा आठवड्याचे सहा दिवस. सहातून तीन गेले की तीन उरतात. तिच्या डोक्यात दुसरं काही येईचना, याची तिला लाज वाटली, पण लाजेने हिशेब बदलत नाही. तिने कागदाची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, परत घातली.

"नात केवढी होती?"

"तिसरीत."

आत भिंतीवरच्या खुंटीला राधाचा दुसरा गणवेश टांगलेला होता. जया दारात अशी सरकली, की तो सोनूबाईला दिसू नये.

"मला सही येत नाही, मावशी," ती म्हणाली.

सोनूबाईने तिच्याकडे बघितलं. "चौकीतल्या अर्जावर तुझी सही आहे, बाय. झकास अक्षर आहे. आमच्या पोरानं त्यावरूनच उतरवून आणलंय हे."

जयाची मान वर होईना. तिने कागद पुढे केला. सोनूबाईने तो घेतला, घडीची दुमडलेली कड बोटाने नीट केली आणि पोलक्यात ठेवला. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"तू मागायला आली असतीस ना," ती चप्पल घालता घालता म्हणाली, "तर मीपण नसती केली."

ती हायवेच्या कडेने आपल्या वस्तीकडे चालू लागली. हिने चार शिव्या तरी घालायच्या होत्या, असं जयाला वाटत राहिलं.