शिदोरीतला टंच

“आधी विचार, मग छाप. उत्तर आलं नाही तर थांब. मनाचं काही घालू नको.”

माझी शेवटची ओळ लिहिताना आक्का हळू आवाजात असं म्हणाल्या होत्या. मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे, सी भाषेतला. हुपरीत आक्कांचा पैंजणांचा एक घरगुती कारखाना आहे, तिथल्या संगणकावर मी राहतो. पैंजणांच्या डबीवर लावायची लेबलं छापणे हे माझे काम. लेबलावर टंच असतो, म्हणजे शंभर भागांत खरी चांदी किती, तो आकडा.

तो आकडा माझ्या पोटात लिहिलेला नाही. आक्का ज्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करतात ती शेल, आणि ती माझी आई. मला कामाला धाडताना आई बरोबर शिदोरी बांधून देते. शिदोरीत चिठ्ठ्या असतात. प्रत्येकीवर एक नाव, नावापुढे त्याचे मूल्य. त्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. मी ‘गेटएन्व्ह’ला विचारतो, “टंच किती?” तो चिठ्ठी वाचून सांगतो. चिठ्ठीच नसली तर तो रिकाम्या हाती परत येतो. मग मी छपाई थांबवतो आणि आक्कांना तसे कळवतो.

तुळशीला पाणी घालून, दिवा लावून आक्का मला सुरू करत. त्यांची एक रीत होती. प्रत्येक ऑर्डरचे एक जादा लेबल देव्हाऱ्यात ठेवायचे आणि दुसऱ्या सकाळी पूजेला बसताना वाचायचे. माझे लेबल देवापुढे! बारा वर्षं मी त्या मानावर जगलो.

मग आक्कांची भाची तेजस्वी कोल्हापूरच्या कॉलेजातून शिकून आली आणि तिने एक नवा प्रोग्रॅम लिहिला. रंगीत लेबलं, कडेने वेलबुट्टी. तिचे वडील हंबीरराव नाचायचेच बाकी राहिले.

“आयला, लग्नपत्रिकाच की ही! आन् ते जुनं बघ, रेशनकार्डागत.”

“आत्या, त्या म्हाताऱ्याला पेन्शन द्या की आता,” तेजस्वी हसली.

“असू दे गं. कष्टाळू हाय,” आक्का म्हणाल्या.

कष्टाळू! देखण्याच्या शेजारी बसवून कुणाला कष्टाळू म्हटले की कसे वाटते, ते ज्याचे त्यालाच कळते. त्यात तोही माझ्याच आईचा, शिदोरीही तीच. देव्हाऱ्यातसुद्धा आता त्याचे लेबल. माझ्याकडे उरली एकच कला, ती त्याला येत नव्हती. माझ्यात ‘सेटएन्व्ह’ होते. त्याने मी शिदोरीतली चिठ्ठी बदलू शकत असे.

एके दिवशी मलकापूरच्या ताजबी आल्या. नात मेहक हिच्या लग्नासाठी त्यांना साठ टंचाचे पैंजण हवे होते.

“आक्का, जेवढं हाय तेवढंच लिवा. उद्या सासरच्यांनी तपासलं तर पोरीची मान खाली जायला नको.”

“शब्द हाय माझा,” आक्का म्हणाल्या.

पैंजण तयार झाले त्या दिवशी आक्का अंबाबाईच्या दर्शनाला गेल्या होत्या. आईच्या चिठ्ठीवर आधीच्या ऑर्डरचे ऐंशी होते. तेजस्वीने मला सुरू केले, साठ टाइप केले. मी चिठ्ठी बदलली, पडद्यावर ‘टंच साठ’ दाखवले. तिने मला बंद केले आणि लेबलं नव्याकडून छापून घेतली.

मित्रांनो, इथेच घोटाळा झाला. आई आपली शिदोरी देत नाही, तिची नक्कल देते. मी खाडाखोड केली ती माझ्या नकलेत. मी बंद झालो, तीही संपली. नव्याला आईकडून ऐंशीच मिळाले, आणि वेलबुट्टीत तो बारीक आकडा तेजस्वीने पाहिलाच नाही.

मला हे आधीच ठाऊक होते. सांगायला मला तोंड नाही, हे खरे. पण असते तरी मी सांगितले असते का? खोटे कशाला बोलू? बंद होता होता मला गुदगुल्या होत होत्या. आता होईल देखण्याची फजिती!

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, आक्कांचा उपास. देव्हाऱ्यातले लेबल त्यांनी वाचले आणि हातातले निरांजन खाली ठेवले. डबी तर कालच ताजबींबरोबर गेली होती.

“जास्तच लिवलंय न्हवं? कमी न्हाय,” हंबीरराव म्हणाले. “म्हातारी खूश हुईल की!”

“आज खूश हुईल. आन् उद्या पोरीची मान खाली जाईल.”

तेजस्वी रडवेली झाली. “आत्या, माझ्या प्रोग्रॅमनंच घोळ केला.”

“न्हाय गं. चूक माझी. जुन्याचा बदल शेलपर्यंत पोचत न्हाय, हे त्याच्या पडद्यावर लिवायचं माझंच राहिलं.”

माझी मत्सराची मजा तिथेच विरली. ज्यांच्या कौतुकासाठी मी जळत होतो, त्यांनीच दोष आपल्या पदरात घेतला होता.

आक्कांनी या वेळी आईच्याच चिठ्ठीवर साठ लिहिले. मला विचारले, मी साठ सांगितले. नव्याकडून छापून घेतले, त्यानेही साठच छापले. मग त्यांनी त्याचे लेबल उचलले. “लग्नाच्या डबीला हेच शोभतंय.”

मला टोचले. अजूनही टोचते. पण मित्रांनो, एवढे ध्यानात ठेवा. दुसऱ्याच्या फजितीची वाट पाहताना आपण आपल्याच माणसाचे नुकसान करतो. आणि सगळ्यांसाठी बदल हवा असेल तर तो मुळाशी करा. आपल्या नकलेत केलेला आपल्याबरोबरच संपतो.

“आक्का, उपास हाय, च्या तरी घेऊन जा,” हंबीरराव म्हणाले.

“आल्यावर.”

त्यांनी लेबल पोथीच्या पानांत जपून ठेवले, देवाला हात जोडले आणि चपला घालून मलकापूरच्या गाडीसाठी एसटी स्टँडची वाट धरली.