उलटा मांडलेला ड्रमसेट

कलाकेंद्राच्या हॉलमध्ये ती आज जरा लवकरच आली आणि सवयीने ड्रमसेटवर बसली. उजवा हात मोठ्या झांजेकडे गेला, तर तिथे झांजच नव्हती. ती डावीकडे होती. पायाने वाजवायची जोडझांज उजवीकडे. अख्खा सेट आरशात पाहावा तसा उलटा.

केंद्रात डावखुरी एकच होती. तिची भाची.

क्लबांतून, जहाजांवरून जाझ वाजवत या आत्याने उमेदीची वर्षं घालवली, मग हे केंद्र उभं केलं, गल्लीतल्या पोरीबाळींना बादल्या पालथ्या घालून ताल शिकवला. भाचीला कुणी उजव्या हाताने वाजवायला लावू पाहिलं, तेव्हा हीच कडाडली होती, "हात नाही फिरवायचा, सेट फिरवायचा!"

धाकटा भाऊ, भाचीचा बाप, माणसाएवढं तंतुवाद्य, आपला डबल बास, घेऊन आत आला आणि दारातच थबकला.

"ताई? एवढ्यात?"

"सेट परत फिरवायला विसरलात."

त्याने झोपलेलं मूल ठेवावं तसा बास हळूच आडवा केला. "रविवारच्या कार्यक्रमाला पोरीला बसवावं म्हटलं. तुझा हात हल्ली मागे राहतो गं. मला ओढत न्यावं लागतं."

"मग सांगायचंस."

"तुझ्या तोंडावर? कुणाची छाती आहे?"

"पाठीमागे बरी झाली."

तेवढ्यात भाची धावतच आली आणि गळ्यात पडली. "आत्या! बाबा म्हणाला, तूच मला तुझी जागा देतेयस. रडलेच मी!"

भाऊ उगाच तारा चाचपत राहिला. बहिणीच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. ते बोलली असती, तर पोरीचा चेहरा विझला असता. तिने ते गिळलं.

"बस," ती उठत म्हणाली. "ऐकव."

हात थकले असतील, कान थकले नव्हते. पोरीच्या तालाला बास असा बिलगून चालला होता, की ही संगत चार दिवसांची नव्हे, हे तिला कुणी सांगायला नको होतं. मध्येच भावाने बास थांबवून श्वासाएवढी जागा मोकळी सोडली. तरुणपणी दोघांनी मिळून शोधलेली, आजवर फक्त बहिणीसाठी सोडलेली जागा. पोरीने ती भरली. सुरेख भरली.

बहीण बाहेर पडली, तसा भाऊ जिन्यापर्यंत मागे आला.

"रविवारी येशील ना, ताई? पुढची खुर्ची ठेवतो."

"पुढची नको," ती म्हणाली. "ओळख नसलेल्यांना बसवता ना, तिथली ठेव."