दोन जावा आणि खुर्च्यांचा तक्ता

डायलिसिस केंद्रातल्या खुर्च्या रुग्णांना वाटून देणारा प्रोग्रॅम जावा भाषेत लिहिलेला होता, आणि आत खरोखरच दोन जावा नांदत होत्या. जुन्या भागाचं फ्रेमवर्क एक, नव्याचं दुसरं. फ्रेमवर्कचं काम घरातल्या कर्त्या बाईचं: ज्याला जे लागेल ते मागायच्या आत हातात आणून द्यायचं. ऑफिसात जुन्याला थोरली म्हणत, नव्याला धाकटी. दोघींना एकत्र नांदवायचं काम प्रोग्रामरबाईने हौसेने अंगावर घेतलं होतं, आणि सोमवारी जोडणी सुरू झाली तेव्हा सगळ्यांना चहाही पाजला होता.

बुधवारी तिचेच सासरे केंद्रावरून हात हलवत परत आले. त्यांच्या पाच नंबरच्या खुर्चीत दुसरेच गृहस्थ बसले होते आणि दोघांच्याही मोबाइलवर त्याच वेळेचा निरोप होता. 'उद्या या' म्हटल्यावर सासरे भांडले नाहीत, मुकाट घरी आले. गुरुवारी सकाळी पाय इतके सुजले की चपला चढेनात. दुपारी तीनची वेळ मिळाली होती, पण आजही खुर्चीत कोणी बसलेलं नसेल याची खात्री कोण देणार?

आठ वाजल्यापासून प्रोग्रामरबाई स्क्रीनला डोळे लावून होती. खुर्च्यांचा तक्ता कसा ठेवायचा ते दोन्हीकडे लिहिलेलं होतं. थोरलीकडे: एकच ठेव. धाकटीकडे: एकच ठेव. दोघीही शहाण्यासारख्या वागत होत्या, तरी एका खुर्चीवर दोन नावं लागत होती. तिने तोच कोड चौथ्यांदा वाचला आणि चौथ्यांदा तो तिला बरोबरच वाटला.

साडेअकराला जाऊबाईंचा फोन आला.

"अगं, बाबांची सकाळची गोळी मी दिली. तू निघताना दिली नाहीस ना?"

"नाही हो. माझ्या पर्समध्ये त्या गोळ्यांचं एक पाकीट आहे, पण ते आपलं असावं म्हणून."

"तेच नको म्हणते मी. तू तुझ्या पाकिटातली एकच देशील, मी डबीतली एकच देईन, आणि त्यांच्या पोटात दोन जातील. डबी माझ्याकडे आहे ना? मग मला मागत जा."

प्रोग्रामरबाईने फोन ठेवला आणि ते दोन 'एकच' पुन्हा पाहिले. थोरलीने आपल्यापुरता एकच तक्ता केला होता, धाकटीने आपल्यापुरता एकच. खोटं कोणीच बोललं नव्हतं. धाकटीला वेगळा तक्ता करायला सांगणाऱ्या तीन ओळी मात्र प्रोग्रामरबाईच्याच हातच्या होत्या, असाव्यात म्हणून लिहिलेल्या. तिला स्वतःचीच लाज वाटली आणि हसूही आलं.

तीन ओळी गेल्या, एक आली: तक्ता लागला की थोरलीकडे माग. मग तिने एकच खुर्ची दोन्हीकडून एकदम मागून पाहिली. एकीला मिळाली, दुसरीला 'भरली आहे' असं उत्तर आलं. जुने दोन तक्ते शेजारी ठेवल्यावर आजच्या चार टकरी सापडल्या. तिने केंद्रातल्या सिस्टरना फोन लावून त्या एकेक वाचून दाखवल्या.

"पाच नंबर, तीन वाजता?" तिने शेवटी विचारलं.

"दोन नावं आहेत. पण सात नंबर रिकामी आहे, दुसऱ्यांना तिथे बसवते. आता पुन्हा होणार नाही ना?"

"नाही होणार," ती म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा मनापासून म्हणाली.

तीन वाजून दहा मिनिटांनी केंद्रातून जाऊबाईंचा फोन आला. "बसले गं. मशीन सुरू झालं. शेजारचा फार बोलतो म्हणून कुरकुर चाललीय."

प्रोग्रामरबाईने डोळे पुसले. कुरकुर चाललीय म्हणजे जिवाला आराम आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"जाऊबाई," ती म्हणाली, "माझ्या पर्समधलं पाकीट संध्याकाळी तुमच्या डबीत टाकते. यापुढे तुमच्याकडूनच मागून घेईन."