फक्त जेवणापुरती

मी कवळी बोलतेय. म्हणजे आता बोलत नाही, नुसती चावते. का ते सांगते.

डॉक्टरांकडून हिरड्यांचे ठसे येतात, त्यावरून कवळ्या घडवायच्या, हा माझ्या घडवणारीचा धंदा. घराच्या मागच्या खोलीतच तिची लॅब. पन्नाशीला टेकलेली, लग्न न केलेली, हात मोठा तरबेज. मला तिनं स्वतःच्या आईसाठी घडवलं. माझा पुढचा एक दात मुद्दाम जरासा तिरका बसवला. आईचा तरुणपणी तसाच होता.

आईच्या तोंडात गेले आणि कळलं, इथे घासापेक्षा लेकीलाच जास्त चावायचंय. रविवारी लेक पोहून यायची, केस पुसत गुणगुणायची.

"कुणासाठी गं एवढी खूष?"

"माझ्यासाठी."

"वांझोटं सुख ते."

लेक रडत बसली असती, तर म्हातारीनं तिला मायेनं जवळ घेतलं असतं. पण ती मजेत होती, आणि तेच आईला बघवत नव्हतं.

शेवटी आईनं परस्पर एक विधुर ठरवला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली.

"त्याला घर सांभाळायला कुणीतरी हवंय, तुला घर हवंय."

"मला घर आहे, आई."

"ह्याला घर म्हणतात? रविवारी येतोय तो. तू गप्प बसायचंस, बोलायचं ते मी बोलेन."

रविवारी सकाळी लेक अगदी गोड आवाजात म्हणाली, "हिरडीला टोचतंय म्हणत होतीस ना? दे, घासून आणते." आईनं मला काढून तिच्या हातावर ठेवलं. तिनं मला लॅबमधल्या वाटीत टाकलं आणि घासायच्या कानशीला हातही लावला नाही.

बेल वाजली. म्हातारी भारी मानी. बिनदातांचं बोबडं बोलणं तिला मरणाहून वाईट. तोंडावर रुमाल धरून ती बसून राहिली.

"तुमच्या आई म्हणाल्या, तुम्ही एकटेपणाला कंटाळलात," पाहुणा लेकीला म्हणाला.

"आईचं काहीतरीच. मी सुखात आहे. चहा घ्या आणि निघा."

पाहुणा अर्धा चहा टाकून गेला.

जेवणाच्या वेळी आईनं हात पुढे केला. लेकीनं मला दिलं, जेवण होऊ दिलं, आणि वाटी पुढे धरली.

"दे. जेवायला देत जाईन, बोलायला नाही."

दुसऱ्या दिवशी आई जेवता जेवता बोलली, तर लगेच वाटी आली. ताट अर्धंच राहिलं. तेव्हापासून ती मुकाट्यानं जेवते.

आता म्हातारी शेवटचा घास गिळतच नाही. तोंडात घोळवत बसते. त्यात चावण्यासारखं काही उरलेलं नसतं, तरी मी चावत राहते. तेवढाच वेळ आम्ही दोघी बरोबर असतो. समोर लेक वाटी धरून गुणगुणत असते. ती खरंच सुखात आहे, हे मी अगदी जवळून बघते.

माझी एखादी बहीण तुमच्या तोंडात असेल, तर पोरीशी आजच चार शब्द बरे बोलून घ्या. मलाही ते येत होते, पण माझ्याकडून कुणी कधी वदवून घेतले नाहीत.

म्हातारीनं घास गिळला. वाटी आली.