एक वेढा सरळ, एक उलटा

मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये जमिनीवर वायर लोळताना दिसली, की खुशाल समजावं, मिस्त्री जागेवर नाहीत. भुशाचे ढीग त्यांना चालायचे, अर्धवट पॉलिश केलेलं कपाट महिनाभर वाटेत उभं असलं तरी चालायचं; पण काम संपल्यावर ड्रिलची वायर खाली पडलेली? छे! भिंतीवर प्रत्येक हत्याराच्या वायरीची खुंटी ठरलेली होती. ग्राइंडरच्या खुंटीवर चुकून ड्रिलची वायर लागली, तर मिस्त्री ती काढून गुन्हेगाराच्या नाकासमोर धरायचे आणि विचारायचे, "ही अजून आपल्या घरी का गेली नाही?" जसं काही घरी तिची आई वाट बघत बसली होती.

गुंडाळायचीही रीत होती. कोपराभोवती भराभरा वायर गुंडाळणाऱ्या माणसाला ते कामावर ठेवत नसत. वायर तळहातात घ्यायची, एक वेढा सरळ, पुढचा उलटा, परत सरळ. असं केलं की आतल्या तारेला पीळ बसत नाही आणि टोक धरून फेकली की वायर पूर्ण सुटते, कुठेही गाठ नाही. मुलगी फ्रॉक घालून भुशात खेळायची त्या वयात त्यांनी तिला हे शिकवलं. पण ती पडली डावखुरी. तिचा वेढा भलत्याच बाजूनं पडायचा, आणि गाठ मारली तर तीही उलटी. "हिला देवानं आरशात बघून घडवलंय," असं म्हणून मिस्त्री हसायचे. पुढे तीच त्यांच्या जोडीला कामावर उभी राहिली, आणि आता तर सगळं तिच्याच अंगावर आलं होतं.

कारण मिस्त्रींचं डोकं दगा द्यायला लागलं होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषध नाही म्हणाले, आणि "सांभाळा आता" म्हणून मोकळे झाले. कसं सांभाळायचं, ते त्या बिचाऱ्यांनाही ठाऊक नसावं. एखाद्या सकाळी मिस्त्री नुसत्या नजरेनं फळीतला बाक सांगायचे, आणि त्याच दिवशी दुपारी विचारायचे, "तुझ्या आईनं चहा का पाठवला नाही गं?" आई जाऊन तर किती वर्षं झाली होती. मुलगी गुपचूप जाऊन चहा करून आणायची.

तरी तिनं त्यांना वर्कशॉपमध्ये येऊ दिलं होतं. भिंतीवरच्या वायरी लावत बसतात, त्यांचं काय ओझं, असं तिला वाटायचं. आणि घात केला तो त्या वायरींनीच.

त्या दुपारी त्यांच्याच हाताखाली तयार झालेला पॉलिशवाला पलीकडच्या टोकाला रंधा मशीन चालवत होता. एक्स्टेन्शनचं रीळ संपूर्ण उलगडून ठेवलं होतं, वायर जमिनीवर आडवीतिडवी पसरली होती. हा नियम मिस्त्रींचाच. जड मशीन लावायचं तर रीळ शेवटच्या वेढ्यापर्यंत उलगडायचं, नाही तर गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. हे त्यांनी आयुष्यभर येणाऱ्याजाणाऱ्याला पढवलं होतं. पण त्या दिवशी त्यांना नियम दिसला नाही, फक्त जमिनीवर लोळणारी वायर दिसली. ते स्टुलावर बसले आणि मशीन चालू असतानाच त्यांनी ती वायर सुरेख, एकाला एक लागून, रिळावर गुंडाळली.

मशीनच्या आवाजात कुणाचं लक्ष गेलं नाही. आधी वास आला, मग धूर. रीळ वितळलं आणि खालच्या भुशानं पेट घेतला. मुलीनं धावत जाऊन मेन स्विच पाडला, पॉलिशवाल्यानं वाळूची बादली ओतली. कुणाला इजा झाली नाही, एका कपाटाचं दार तेवढं काळं पडलं.

"मशीन चालू असताना कुणी गुंडाळलं हे?" मिस्त्री गरजले. "कोण तो मूर्ख? आत्ताच्या आत्ता घरी पाठवा त्याला!"

मिस्त्रींनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांची नजर आपल्याच तळहातावर गेली. तिथे वायर ओढून ओढून काळा पट्टा उमटला होता. ते स्टुलावर परत बसले.

संध्याकाळी पॉलिशवाला मान खाली घालून मुलीजवळ आला. "ताई, मला हातात ब्रश त्यांनीच दिला. माझ्या तोंडून नका वदवू. पण मशीन चालू असताना एक तर मिस्त्री आत, नाही तर मी."

तिला त्याचा रागसुद्धा येईना. खरं बोलणाऱ्यावर रागवायचं तरी कसं?

घर वर्कशॉपच्या मागेच, मध्ये एक दार. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना घरात ठेवून तिनं त्या दाराला वर्कशॉपच्या बाजूनं कडी लावली. कडीचा आवाज झाला तेव्हा तिला वाटलं, आपण बापाला वर्कशॉपमधून नाही, घरातून बाहेर काढलं. तिकडे घरात मिस्त्रींचे हात काही ऐकेनात. त्यांनी पडद्याची दोरी गुंडाळली. मग टेबलावरच्या दिव्याची वायर गुंडाळली, दिवा चालूच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा पीळ. दार उघडलं तर आग, आणि बंद ठेवलं तरी धास्ती. तिला काही सुचेना.

शेवटी तिनं माळ्यावरच्या जुन्या, मेलेल्या वायरी काढल्या, प्लग कापून टाकले आणि सगळ्यांचा एक गुंता करून त्यांच्यापुढे टाकला.

"बाबा, साइटवरून आल्यात. त्या लोकांनी बघा काय करून ठेवलंय."

"हात आहेत की खुरं त्यांना?" मिस्त्री म्हणाले आणि कामाला लागले. संध्याकाळी ती आली तेव्हा सगळ्या वायरी खुर्चीच्या पाठीवर ओळीनं लटकत होत्या. एक वेढा सरळ, एक उलटा. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर कामावरून आलेल्या माणसाचा थकवा होता.

मग ते रोजचंच झालं. सकाळी ते उठायच्या आत ती सगळं सोडवायची, विस्कटायची, गाठी मारायची. ते त्या न पाहिलेल्या साइटवाल्यांना शिव्या द्यायचे, ती हसायची, आणि वर्कशॉपमध्ये जाऊन रंधा मशीन सुरू करायची, म्हणजे रडलेलं कुणाला ऐकू जाऊ नये. बापानं दिवसभर केलेलं काम आपण रोज चोरतोय, असं तिला वाटायचं.

एका संध्याकाळी ती आली तेव्हा मिस्त्री रिकामे बसले होते. सगळ्या वायरी जागच्या जागी, एकच मांडीवर, तिची एक गाठ तशीच ठेवलेली. डोळे स्वच्छ होते. असे दिवस आता फार कमी येत.

"ही गाठ उलटी आहे," ते म्हणाले.

ती दारातच थांबली.

"रोजच्या सगळ्या उलट्याच असतात, पोरी."

आता ते कडी काढायला सांगतील, असं तिला वाटलं. "बाबा, मी..." एवढंच ती म्हणाली.

"सैल मारतेस," मिस्त्री म्हणाले. "दुपारीच संपतं सगळं. मग मला त्या दारापाशी जावंसं वाटतं. जरा घट्ट मारत जा."

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. खुर्चीवरच्या वायरी तिनं एकेक करून खाली ओढल्या, एकमेकींत घातल्या आणि डाव्या हातानं पहिली गाठ मारली. ओढायला जोर कमी पडत होता, म्हणून मिस्त्रींनी दुसरं टोक धरून ठेवलं.