सगळे गेल्यावर

फरशीचा कारखाना बंद पडला तेव्हा सुपरवायझर बायकोला म्हणाला होता, की महिन्याभरात दुसरी नोकरी बघतो. त्याने नोकऱ्या पुष्कळ बघितल्या. एकाही नोकरीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं नाही. पाठीत दुखणं बसलेलं, चाळिशी उलटलेली, आणि अनुभव म्हणाल तर फरशा न फोडता खोक्यात भरून घ्यायचा. असल्या माणसाला कोण विचारतो?

बायको दिवसा रक्त तपासायच्या लॅबमध्ये आणि संध्याकाळी एका डॉक्टरच्या दवाखान्यात नंबर लावायला बसायची. सकाळी लेक उठायच्या आत जायची, परत यायची तेव्हा लेक झोपलेली असायची. त्यामुळे दोन खोल्या, स्वयंपाक आणि साडेतीन वर्षांची ठकी, असा सगळा कारभार सुपरवायझरच्या गळ्यात पडला. इमारतीतले लोक त्याला अजून सुपरवायझरच म्हणत. काही कौतुकाने, काही खवचटपणे. त्याला फरक कळायचा, पण तो कळत नसल्यासारखं दाखवायचा.

मुलं सांभाळायचं त्याच्या डोक्यात नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या बँकवालीचं पाळणाघर बंद झालं, आणि तिने सहज विचारलं, की तुम्ही घरी असताच, माझा ठेवाल का? पैसे देईन. तो हो म्हणाला. आठ दिवसांत शिंपिणीची मुलगी आली. एकाची दोन झाली तेव्हा शेजारचे आजोबा दारात उभे राहून म्हणाले, "वा, वा! घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं!"

"घोडं चारा घेऊन येतं हो, आजोबा," तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याने कुणाला असं फाडकन उत्तर दिलं होतं. त्या महिन्यात त्याने दुकानातली उधारी चुकवली आणि बायकोला म्हणाला, "बघ. घरात बसून." ती नुसती हसली आणि त्याच्या पाठीला मलम चोळत राहिली.

बँकवालीचा मुलगा गोल गरगरीत, म्हणून त्याचं नाव भोपळा. शिंपिणीची मुलगी बारीकशी, पण रडायला लागली की चार घरांतले लोक कानात बोटं घालत, म्हणून ती पिपाणी. नावं ठकीनेच ठेवली होती. ठकीला सुरुवातीला ही जत्रा फार आवडली. आपली खेळणी, आपली चादर, आपला बाबा, सगळं तिने उत्साहाने पाहुण्यांना दाखवलं.

घोळ झाला तो इथूनच.

एका दुपारी बँकवाली लवकर आली. ठकी बापाच्या मांडीवर रेलून केळं खात होती आणि भोपळा कोपऱ्यात नाक गाळत बसला होता. बँकवालीने पोराचं नाक पुसलं, बूट चढवले आणि जाता जाता म्हणाली, "तुमची मांडीवरच असते वाटतं दिवसभर?" म्हणाली हसूनच. पण सुपरवायझरला ते झोंबलं. कारखान्यात त्याने सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा कधी एक ओव्हरटाइम जास्त दिला नव्हता, आणि त्याला कुणी पक्षपाती म्हणावं? शिवाय भोपळा गेला असता तर त्याच्या मागोमाग पिपाणीही गेली असती. अशा गोष्टी जिन्यावरून खालीवर जायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात आपपरभाव बंद झाला. केळं आधी पाहुण्यांना, मग ठकीला. मांडी कुणालाच नाही. फारच कुणी रडलं तर त्याला. आणि रडण्यात पिपाणीचा हात कोण धरणार? कानामागून आली आणि तिखट झाली, तशी ती दुपारभर मांडीवर. ठकी रडायची नाही. ती बाजूला सतरंजीवर बसून पिपाणीचे पाय थोपटायची. संध्याकाळी न्यायला येणाऱ्या आया म्हणायच्या, "किती शहाणी आहे हो तुमची!" तेवढ्याने सुपरवायझरची छाती फुगायची. शहाण्या मुलाचं कौतुक करायला काही खर्च पडत नाही, म्हणून लोक ते सढळ हाताने करतात.

'बाबा' या शब्दाचं लफडं मात्र वेगळंच होतं. ठकीने "बाबा!" अशी हाक मारली, की बाकीच्यांना आपापले बाबा आठवायचे. आधी पिपाणीचा ओठ वाकडा व्हायचा, मग भोपळ्याचा, आणि बघता बघता रडारड. तासभर कुणी कुणाला आवरायचं नाही. सुपरवायझरने दोन-चार दिवस हे सोसलं, आणि मग कारखान्यात काढायचा तसा नियम काढला. सकाळी मुलं यायच्या आधी ठकीला समोर उभं केलं.

"हे बघ ठके, दिवसभर मला काका म्हणायचं. सगळे म्हणतात तसं."

"का?"

"कारण ते रडतात. सगळे गेले की मग बाबा."

"सगळे गेले की?"

"सगळे गेले की."

"आणि मांडी?"

"तेव्हा सगळी मांडी तुझी एकटीची."

ठकीने मान हलवली. आणि नियम असा पाळला, की कारखान्यातल्या कुठल्या कामगाराने पाळला नसेल. बाबाला ती अरेतुरे करायची. काकांना इतर मुलं अहोजाहो करायची, म्हणून तीही करू लागली. "काका, पाणी द्या ना." शेजारचे आजोबा ऐकून पोट धरून हसले. बायकोलाही त्याने रात्री जेवताना मोठ्या गमतीने सांगितलं. ती हसता हसता थांबली आणि म्हणाली, "लवकर बंद कर हं हे." तो म्हणाला, "अगं, खेळ आहे तो."

आणि खेळच होता तेव्हा. संध्याकाळी पिपाणीची आई तिला घेऊन जिना उतरली, की ठकी दार लागायची वाट बघायची. दार लागलं, की "बाबा!" करून अशी झेपावायची, की त्याची दुखरी पाठ भिंतीवर आपटायची. मग दिवा लावायच्या वेळेपासून जेवणापर्यंत मांडी तिची. दिवसभराचं सगळं बोलणं ती तेव्हा बोलून घ्यायची.

मग शेपूट आलं. हॉटेलातल्या आचाऱ्याचा मुलगा. सगळ्यांच्या शेवटी जायचा म्हणून हे नाव. आचारी रात्रीची जेवणं उरकल्याशिवाय सुटायचा नाही. उशिराचे म्हणून तो जास्त पैसे द्यायचा, आणि ते इतरांपेक्षा दुप्पट होते. रविवारी तर हॉटेलात झुंबड, म्हणून शेपूट रविवारीही. सुपरवायझरने फार विचार केला नाही. घरभाडं नुकतंच वाढलं होतं. हाती आलेलं कोण सोडतो?

शेपूट गरीब पोर होतं, त्याचा काही त्रास नव्हता. पण ते जायचं तेव्हा ठकी सतरंजीवर झोपून गेलेली असायची. पहिले काही दिवस तिने डोळे ताणून जागं राहायचा प्रयत्न केला. झोप येऊ नये म्हणून ती उभी राहायची आणि उभ्याउभ्याच पेंगायची. मग तिने नाद सोडला. बाप तिला उचलून अंथरुणावर ठेवायचा, पण त्याचं तिला काय? ती झोपेत असायची. "बाबा" म्हणायची वेळ रोज यायची आणि रोज तिच्या डोक्यावरून निघून जायची.

त्याला हे दिसलं नाही असं नाही. दिसलं. पण त्याला वाटलं, पोर मोठी होतेय, तिला समज येतेय. आपल्याला परवडतं तेवढंच माणूस बघतो.

एकदा ठकीने पाठीवरची पिशवी मागितली. भोपळ्याला होती, पिपाणीला होती, शेपटाच्या पिशवीवर तर हत्तीचं चित्र होतं. "तुला कशाला? तू कुठे जाणारेस?" त्याने विचारलं.  पण आणून दिली, लाल रंगाची. ठकीने तिच्यात रिकामी बाटली, एक फ्रॉक आणि रुमाल भरला आणि ती दाराजवळ इतरांच्या पिशव्यांशेजारी टेकवून ठेवली. चपलाही ती आता घरच्यांच्या फळीवर ठेवत नसे. भिंतीकडेला मुलांच्या चपलांची रांग असे, त्या रांगेत शेवटी ठेवायची. सुपरवायझर मनात म्हणाला, शिस्त लागली पोरीला.

दारावरची बेल वाजली, की चारी तोंडं दाराकडे वळत. कुणाची आई, कुणाचा बाप, दारात उभं राहून हात पसरत. ज्याचं त्याचं पोर धावत जाई, उचललं जाई, त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले जात. ठकी हे सगळं नीट बघायची. टाटा करायची. मग परत येऊन बसायची.

त्या दिवशी आचाऱ्याची कसली तरी सुट्टी होती, म्हणून तो चक्क उजेडी आला. शेपूट टाळ्या पिटत गेलं. दार लागलं. सुपरवायझरला एकदम हलकं वाटलं. त्याने सतरंजी झटकली, मांडी घातली आणि मोठ्याने म्हणाला, "चला! सगळे गेले! आता काय?"

 त्याने वळून बघितलं. ठकी दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. पायांत चपला, डाव्याची उजव्यात. पाठीवर लाल पिशवी. हात मांडीवर.

"कुठे निघालात बाईसाहेब?"

"घरी."

"हेच की घर."

ठकी थोडंसं हसली. मोठ्या माणसाने चेष्टा केली म्हणजे मुलं मानापुरतं हसतात, तसं. "हे तुमचं घर आहे, काका."

"काका काय? सगळे गेले ना? मग आता बाबा."

"सगळे कुठे गेले?" ती म्हणाली. "मी आहे ना अजून."

  नियम सुपरवायझरचा, शब्द त्याचे, आणि पोरीने ते अगदी बरोबर लावले होते. तो उठून तिच्याकडे गेला, हात पसरले. ती आली नाही. स्टुलावर थोडी मागे सरकली आणि दाराकडे बघत म्हणाली, "बाबा आला की नेईल मला."

 त्याला राग आला. कुणावर, ते त्यालाही सांगता आलं नसतं. "ठके, मीच बाबा, इकडे बघ!" तो जरा जोरातच म्हणाला. तिचा ओठ वाकडा झाला. पण ती रडली नाही. रडायचं नसतं हे तिला पक्कं माहीत होतं. तिने नुसते पिशवीचे पट्टे घट्ट धरले.

मग सुपरवायझरने काय केलं, तर आतल्या खोलीत जाऊन शर्ट बदलला. दिवसभर केळं आणि शेंबूड लागलेला शर्ट काढून कारखान्यात घालायचा निळा शर्ट चढवला. केस ओले करून विंचरले. जुने बूट काढले आणि पाठ सांभाळत वाकून नाड्या बांधल्या. "मी आलोच हं," म्हणून तो बाहेर गेला आणि दार ओढून घेतलं. स्वतःच्या घराबाहेर उभं राहून त्याने बेल वाजवली. शेजारचे आजोबा डोकावले, पण त्याचा चेहरा बघून आत गेले.

"कोण?" आतून आवाज आला.

"बाबा."

दार उघडायच्या आधीच आत चपला फटफटल्या. "बाबा! तू किती उशीर केलास!" ठकी त्याच्या गळ्यात पडली ती सुटेचना. तोंड मानेत खुपसून तिने त्याला घट्ट आवळून धरलं. किती दिवस झाले होते या वजनाला? तो डोळे मिटून तसाच उभा राहिला. खेळ होता की खरं, हे तिलाही माहीत नसावं. साडेतीन वर्षांच्या माणसाला त्या दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवायला जागा नसते.

"थांब," ती एकदम म्हणाली, "काकांना टाटा करते." आणि त्याच्या खांद्यावरून तिने रिकाम्या खोलीकडे बघून हात हलवला.

तो तिला घेऊन जिना उतरला. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. दुकानांचे दिवे लागत होते. ठकी अखंड बोलत होती. भोपळ्याने चेंडू पाण्यात टाकला, शेपटाचा दात हलतोय, पिपाणी दिवसभर मांडीवर.

"आणि तू?"

"मी शहाणी आहे."

जरा चालल्यावर त्याने विचारलं, "काका रागावतात का तुला?"

"नाही."

"मग? चांगले आहेत ना?"

"चांगले आहेत." ती विचार करत होती. "पण ते सगळ्यांचे आहेत."

पुढच्या चौकापर्यंत तो गेला. तिथून आणखी पुढे, बंद पडलेल्या पेट्रोल पंपापर्यंत. पाठीतून कळा यायला लागल्या, तरी त्याने तिला खाली ठेवलं नाही. मनात म्हणाला, उद्याच आचाऱ्याला सांगतो, नाही जमणार. मग वाढलेलं भाडं आठवलं. मग म्हणाला, पुढच्या महिन्यापासून सांगतो. अंधार पडला. पोरीला भूक लागली असणार. परत फिरण्याखेरीज दुसरी वाट नव्हती.

इमारतीपाशी आल्यावर ठकीचं बोलणं कमी झालं. जिन्यात बंदच झालं. दारापुढे ती स्वतःच त्याच्या कडेवरून खाली उतरली. त्याने कुलूप काढलं. आत अंधार होता. तिने चपला काढल्या, भिंतीकडेला रांगेच्या जागी नीट ठेवल्या, पिशवी दाराशी टेकवली आणि आत जाऊन मागे वळली.

सुपरवायझर अजून उंबऱ्याबाहेर उभा होता, हातात किल्ली घेऊन.

"बाबा," ती म्हणाली, त्रास न देणारी मुलं म्हणतात त्या आवाजात, "उद्या लवकर ये हं." आणि तिने त्याला टाटा केला.